इम्प्लांटजवळची हिरडी भरत नाही तेव्हा

सेलू तालुक्यातून एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६१ वर्षांचे, वायरमन म्हणून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशातून अडीच वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेले दात, बसवून घेतले. गेले चार महिने मागच्या इम्प्लांटजवळची हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. दोनदा सफाई झाली, गोळ्यांचे तीन कोर्स झाले. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तंबाखू-चुना पस्तीस वर्षांपासून चालू आहे. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं की हा स्क्रूच कॅन्सर करतो, काढून टाका. तर स्क्रू काढायचा का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. स्क्रू काढायची घाई करू नका. आधी त्या हिरडीचा तुकडा काढून तपासायला पाठवा, आणि हे याच आठवड्यात करा. अण्णांना कॅन्सर झालाय असं मी म्हणत नाही. इम्प्लांटभोवती सुजलेल्या हिरड्या मी नेहमी पाहतो, आणि त्यातल्या बहुतेक साध्या जंतुसंसर्गाच्याच निघतात. पण चार महिने, दोन सफाया, तीन कोर्स आणि पस्तीस वर्षांची तंबाखू, एवढं सगळं एका माणसात जमलं की अंदाजावर बसून राहायचं नसतं.

आता त्या स्क्रूबद्दल. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून जगभर कोट्यवधी बसले असतील. त्यांच्याशेजारी कॅन्सर झाल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आल्या आहेत, पण त्या एकेका रुग्णाच्या, फार तर लहान गटांच्या. त्या वाचताना तीच तीच माणसं भेटतात: तंबाखू किंवा दारू घेणारी, आधी एकदा तोंडाचा कॅन्सर होऊन गेलेली, गालात पांढरा चट्टा किंवा लायकेन प्लॅनस, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा एक जुनाट आजार, असलेली. काहींना यातलं काहीच नव्हतं, हेही खरं आहे. टायटॅनियमचे बारीक कण इम्प्लांटभोवतीच्या हिरडीत सापडतात, वर्षानुवर्षं राहिलेली सूज पेशींना बरी नसते, म्हणून संशोधक या दोन्हींवर काम करत आहेत. पण इम्प्लांटमुळे तोंडाचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि सुपारीबद्दल मात्र कसलीही शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातल्या आहेत. सुपारी एकटी, तंबाखूशिवाय खाल्ली तरीसुद्धा.

अण्णांनी शेती पाहिली असेल तर त्यांना हे असं सांगा. वावरात एका जागी कुंद्याचं तण दिसलं म्हणजे ते तेवढ्याच जागी आहे असं कुणी धरत नाही. खालून मुळ्या कुठवर गेल्यात ते खणल्याशिवाय कळत नाही. तंबाखूचा रस पस्तीस वर्षं लागलेलं तोंड तसंच असतं. अमेरिकेतल्या स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हेच मांडलं, आणि त्यांनी त्याला शब्दही शेताचाच वापरला, फील्ड कॅन्सरायझेशन. अशा बिघडलेल्या शेतात इम्प्लांट बसवला तर पुढे त्याच्याशेजारी काही उगवू शकतं. तो नसता तरी उगवलं असतं, कदाचित बोटभर मागे किंवा पुढे.

मग इम्प्लांटचा काहीच दोष नाही का? एक आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महागात पडतो. इम्प्लांटमुळे आजाराला आयतं नाव मिळतं. नुसत्या हिरडीवर किंवा गालात न भरणारी जखम दिसली की आपल्याकडचा कुठलाही दंतवैद्य सावध होतो. तीच जखम इम्प्लांटला लागून असली की तोंडून आपोआप निघतं, 'पेरी-इम्प्लांटायटिस', म्हणजे इम्प्लांटभोवतीचा जंतुसंसर्ग. लक्षणं जुळतात ना! सूज, लाली, रक्त, कधी पू, एक्स-रेत झिजलेलं हाड. कॅन्सरही हेच दाखवतो. त्यात अँटिबायोटिक दिलं की वर चढलेला जंतुसंसर्ग उतरतो, चार दिवस बरं वाटतं, आणि रुग्ण नि डॉक्टर दोघांचंही समाधान होतं. अण्णांचं 'चार दिवस बरं वाटतं' वाचून मी इथेच थांबलो.

दुखतही नाही लवकर. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचा एक पातळ पडदा असतो, खडा चावला तर क्षणात कळवणारा. इम्प्लांट सरळ हाडाला धरून बसतो, तो पडदा त्याला नसतो. म्हणून आत काही बिनसलं तरी बराच काळ पत्ता लागत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणं भाग आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. औशाकडच्या एक बाई, साठीच्या पुढच्या. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, त्यावर बटणाने बसणारी कवळी. उजव्या इम्प्लांटला लागून गुलाबी मांस वाढलं होतं. मी तंबाखू विचारली, त्या नाही म्हणाल्या. कवळी घासते आणि सफाई होत नाही, असं धरून मी ते मांस खरवडून काढलं, कवळी आतून कोरून मोकळी केली, गुळण्यांचं औषध दिलं. खरवडलेलं मांस ट्रेमध्ये कापसाबरोबर गेलं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा होतं तेवढं झालं. मी पुन्हा खरवडलं. सहाव्या आठवड्यात सूनबाई बरोबर आल्या. खुर्चीशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टर, आत्याबाईंच्या हनुवटीवरून चहा ओघळतो आणि त्यांना कळतच नाही." मी खालच्या ओठाला कापसाचा बोळा लावून पाहिला. उजवी बाजू बधिर. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातून येते. अशा वेळी ती बधिर झाली म्हणजे आजार बहुधा हाडात शिरलेला असतो. त्या दिवशी तुकडा काढला, रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या कॅन्सरचा आला, आणि जबड्याचा पुढचा भाग काढावा लागला. नंतर त्या सहज बोलल्या, तंबाखू खात नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते. चाळीस वर्षांपासून. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

मी पहिल्याच दिवशी ते मांस बाटलीत टाकलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. जबडा किती वाचला असता ते सांगता येत नाही, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. तेव्हापासून इम्प्लांटभोवतून काढलेला हरभऱ्याएवढा कणही मी फेकत नाही, फॉर्मलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवतो. आणि बायकांना 'तंबाखू खाता का' एवढंच कधी विचारत नाही. मिसरी, तपकीर, पानातली सुपारी, दाढ दुखते म्हणून धरलेली चिमूट, एकेक नाव घेऊन विचारतो. मराठवाड्यात मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं असतं.

बोटाला काय कळतं ते सांगतो, कारण फोटोत ते दिसत नाही. (मुलाने फोटो पाठवलाय. त्यावरून कुणीही निदान करू नये, मीही करत नाही.) संसर्गाची हिरडी मऊ, फुगलेली लागते, दाबली की कडेने पू येतो. कॅन्सरची कड टणक लागते. मऊ कणकेत सुकलेल्या पिठाची खपली मळून गेली तर बोटाखाली कशी येते, तसं. वरचा भाग चिरलेल्या अंजिरासारखा रवाळ, लाल-पांढरा, आणि नुसतं टेकवलं तरी रक्त. एक्स-रेतही फरक असतो. संसर्गाने हाड इम्प्लांटभोवती वाटीसारखं झिजतं, कड बऱ्यापैकी साफ राहते. कॅन्सर हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं वेडंवाकडं खातो. पण सुरुवातीला हे दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात, आणि एक्स-रे चांगला आला म्हणून कॅन्सर नाही असं ठरत नाही. शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचा.

घरी तुम्ही एवढं आज पाहू शकता. अण्णांना अंगणात उजेडाला बसवा, कवळी असेल तर काढायला सांगा, मोबाइलची बॅटरी लावा. जीभ बाजूला घेऊन इम्प्लांटच्या आतली, जिभेकडची हिरडी पाहा. लोक नेहमी गालाकडची बाजू पाहतात. तोंडात त्यांची स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी झालीत का? जबड्याखाली आणि मानेला घट्ट, न दुखणारी गाठ लागते का? खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटते का, शेजारचे चांगले दात उगीच हलू लागलेत का, त्याच बाजूचा कान दुखतो का? यातलं एक जरी 'हो' असेल तर आठवडाही थांबू नका, उद्या निघा. नुसतं पाहण्यानेही माणसं वाचतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

तुकड्याला घाबरण्याचं कारण नाही, पण घाबरतात सगळेच. "चाकू लागला की कॅन्सर चवताळतो" हे वाक्य मी परळीतही ऐकलंय आणि किनवटलाही. असं होत नाही. लोक सहा-सहा महिने थांबून येतात, तेव्हा तुकडा काढला जातो आणि रिपोर्ट येईपर्यंत आजार त्याच्या वेगाने पुढे गेलेला असतो. नाव चाकूवर येतं. प्रत्यक्षात बधिर करून, दहा मिनिटांत, तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा जखमेच्या कडेवरून घेतात, एखाददुसरा टाका, संध्याकाळी मऊ भात-वरण. मधल्या सडक्या भागातून घेतला तर रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. बरोबरच्या कागदावर 'इम्प्लांटशेजारची जखम, चार महिने, उपचाराने बरी नाही, तंबाखू ३५ वर्षे' एवढं लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. त्या एका ओळीने पॅथॉलॉजिस्टची नजर बदलते.

रिपोर्टमध्ये 'नुसती सूज' आलं आणि जखम मात्र दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुसरा तुकडा घ्यायला सांगा, या वेळी खोल. यावर मी हटून बसतो. तंबाखू चघळणाऱ्यांत व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा कॅन्सरचा एक प्रकार असतो, १९४८ मध्ये ॲकरमन यांनी वेगळा ओळखलेला. वरून चामखिळीसारखा पांढरा, सावकाश पसरणारा. वरवरचा तुकडा घेतला तर तो बहुतेक वेळा साधाच दिसतो. आणि अण्णांना हाडं ठिसूळ म्हणून कधी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा तशा गोळ्या दिल्या असतील तर तेही आधी सांगा. त्यांनी क्वचित जबड्याचं हाड मरतं आणि चित्र असंच दिसतं.

स्क्रू आधी का काढायचा नाही? काढला की त्या खड्ड्यात नवं, कच्चं मांस येतं, आणि खाली काय होतं ते झाकून जातं. कॅन्सर असेल तर त्याची मूळ हद्द पुसट होते, शस्त्रक्रिया करणाऱ्याला किती हाड घ्यायचं ते ठरवणं अवघड जातं. शेजारी हलणारे दात आहेत म्हणून ते उपटणंही तितकंच वाईट.

तुकडा कुठे करायचा तर तोंडाच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ परभणीत बघा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हे रोजचं काम आहे. रिपोर्ट कॅन्सरचा आलाच तर त्याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतं. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, आणि दोन्हींवरचं नाव जुळतं का ते आत्ताच पाहा. यात दोन-दोन आठवडे गेलेले मी पाहिलेत.

उपचाराबद्दल आता फार लिहीत नाही, एकच सांगतो, कारण तिथे घरची मंडळी अडतात. गाठ तोंडात आणि डॉक्टर मान का उघडतात, असं विचारतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर मोठी चाचणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मानेत गाठ लागत नसतानाही ज्यांच्या तिथल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ आल्यावर काढू म्हणून जे थांबले, त्यांच्यापैकी ६७.५ टक्के. डॉक्टरांनी मानेचं सांगितलं तर त्यामागे हे आहे. इम्प्लांट मात्र त्या हाडाबरोबर जाईल. बाकीच्या इम्प्लांटचं काय करायचं ते रेडिएशन सुरू होण्याआधी विचारून घ्या. धातूमुळे सीटी स्कॅनवर चमक येते, जवळच्या भागाला किरणांचा डोसही बदलतो, आणि रेडिएशननंतर जबड्याला हात लावला तर हाड भरत नाही.

अण्णांना सांगू नका, असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. माझं मत उलटं आहे. त्यांचं तोंड आहे, तुकडा कशासाठी काढतोय ते त्यांना ठाऊक असावं. चाळीस वर्षं विजेच्या खांबावर चढलेला माणूस एक शब्द ऐकून कोसळत नाही. आणि न सांगता तंबाखू कुणीच सोडत नाही.

तंबाखूचं आता. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ तोंडात धरायची तंबाखू वापरत होते. विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्याही आत. आपला सगळा भार तोंडावरच आहे. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ही बंदीतली गोष्टच नाही, ती पाहुणा आला की पुढे केली जाते. ऊसतोडीला जाणारी माणसं भूक मारायला गालात तंबाखूचा बार भरतात, आणि तोंडातला चट्टा दाखवायला कारखाना बंद झाल्यावर येतात. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. कोयता सोडून दिवस मोडायचा म्हणजे मुकादमाच्या उचलीत खाडा पडतो.

अण्णांना एक विचारा: बार कुठल्या बाजूला धरता? इम्प्लांट बसवल्यावर टाके दुखतात म्हणून बरेच जण बाजू बदलतात, आणि नवे दात बसले की बार पुन्हा जुन्या जागी येतो. तो डाव्या खालच्या गालफडात, बरोबर त्या इम्प्लांटला टेकून राहत असेल, तर डॉक्टरांना हे त्यांच्या तोंडूनच ऐकू द्या.

इम्प्लांट बसवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही एक सांगतो. ड्रिल हातात घेण्याआधी दोन मिनिटं संपूर्ण तोंड पाहा, पांढरा-लाल चट्टा असेल तर आधी त्याचा निकाल लावा. आधी तोंडाचा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला इम्प्लांट देता येतो, मी दिले आहेत, पण मग तो रुग्ण दर तीन महिन्यांनी दिसला पाहिजे. आणि इम्प्लांटची तपासणी म्हणजे फक्त स्क्रूची तपासणी नव्हे.

रिपोर्ट चांगला आला तर अण्णांचा स्क्रूही बहुधा राहील. तेव्हा हिरडी उघडून नीट सफाई, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि पुडी बंद.

जाताना इम्प्लांट बसवलं त्या वेळचा मोठा एक्स-रे शोधून बरोबर न्या, कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली कुठेतरी असेलच. जुना आणि नवा शेजारी धरले की हाड किती आणि कसं गेलं ते लगेच दिसतं. शुगरचा ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि सोयाबीन निघाल्यावर बघू असं अण्णा म्हणाले, तर यंदा काढणीला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.